मागून मिळालेला हुद्दा

आपल्यापैकी अनेक घरांत दुसऱ्या महायुद्धातील एखादे पदक, पट्टीचा रंग उडालेला गणवेशातील फोटो किंवा नोकरी संपल्याचा दाखला जपून ठेवलेला आहे. ती माणसे आता राहिली नाहीत. पण त्यांची नातवंडे, पतवंडे आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारतात : आमच्या आजोबांनी एवढी वर्षे चाकरी केली, माणसे सांभाळली, मग ते शेवटपर्यंत साधे शिपाईच का राहिले? आणि त्यांना त्यांचा योग्य हुद्दा आता, मागल्या तारखेपासून, मागता येईल का?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. मागल्या तारखेने हुद्दा मागणे दोन प्रकारचे असते. एका प्रकारात बढती कागदावर झालेली असते, पण ती माणसापर्यंत पोहोचलेली नसते. तिथे फक्त कागद शोधावा लागतो. दुसऱ्या प्रकारात बढतीचा दरवाजाच बंद असतो. तिथे कागद सापडणार नाही, कारण तो कधी लिहिलाच गेला नाही. तिथे इतिहास सांगावा लागतो. आपल्या लोकांची बहुतेक प्रकरणे या दुसऱ्या प्रकारची आहेत.

बंद दरवाजा आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. मुंबई बंदरातून जहाजात बसून पोर्ट लुईला उतरलेल्या गिरमिटियाला प्रथम एक क्रमांक मिळाला. नंतर उसाच्या मळ्यावर तो फार तर ‘सरदार’ होऊ शकत असे. नाव सरदाराचे आणि काम मुकादमाचे! दहावीस माणसांची हजेरी घ्यायची, काम करवून घ्यायचे आणि गोऱ्या साहेबापुढे उभे राहायचे. कारखान्याच्या व मळ्याच्या वरच्या जागा त्याच्यासाठी नव्हत्या.

ज्या कोकणातून, विशेषतः रत्नागिरीच्या बाजूने, आपली बरीच कुटुंबे निघाली, त्याच कोकणातून दुसरी वाट मुंबई इलाख्याच्या पलटणीत जात होती. तिथेही पायऱ्या ठरलेल्या होत्या : शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि शेवटी सुभेदार-मेजर. तीस वर्षे नोकरी झालेला सुभेदारही नुकत्याच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच असे. १९१८ सालापासून सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत हिंदी तरुणांसाठी दर वर्षी दहा जागा ठेवल्या गेल्या. त्याआधी लढाऊ पलटणीतील हिंदी माणसाला सुभेदार-मेजरच्या वर जाण्याची वाट जवळजवळ नव्हतीच.

कोकणातल्या महार समाजाला तर याहून मोठा धक्का बसला. अनेक पिढ्या हा समाज मुंबई सैन्यात होता. कोरेगाव भीमा येथील विजयस्तंभावर, १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांत, त्याच्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे मूळचे मंडणगड भागातील आंबडवे गावचे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने काही जातींना ‘लढाऊ’ ठरवले आणि बाकीच्यांना वगळले. १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची भरती बंद झाली. काल ज्याच्या बापाला सलाम केला जात होता, त्याच्या मुलाला आज साधा शिपाई म्हणूनही घेईनात.

याविरुद्ध पहिला आवाज निवृत्त सैनिकांनीच उठवला. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले होते. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८९४ साली त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी एक विनंतीपत्र तयार केले. आमच्या लोकांनी इमानाने चाकरी केली आहे, त्यांना पुन्हा भरती करा, असा त्याचा आशय होता. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हे काम हाती घेतले आणि १९१० साली दक्षिणेतील महारांच्या वतीने थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे, म्हणजे अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे, अर्ज केला. सैन्यात आणि पोलिसांत आमच्या माणसांना घ्या, ही त्यातली मुख्य मागणी होती.

या अर्जांत मागले काही मागितलेले नाही. गेलेली वर्षे आणि बुडालेला पगार भरून द्या, असा त्यांचा आग्रह नव्हता. ‘पुढचा दरवाजा उघडा’ एवढेच ते म्हणत होते. दरवाजा उघडलाही, पण गरज सरकारची होती म्हणून. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडण्यात आली. कायमची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात सुरू झाली, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. वलंगकरांच्या अर्जापासून मोजले तर सत्तेचाळीस वर्षे लागली.

आता समुद्रापलीकडचे एक उदाहरण पाहू, कारण आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर त्यात आहे. चार्ल्स यंग यांचा जन्म १८६४ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात गुलाम कुटुंबात झाला. १८८९ साली ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेतून पदवी घेऊन बाहेर पडले. ती मिळवणारे ते तिसरे कृष्णवर्णीय होते. घोडदळात व परदेशी वकिलातींत त्यांनी काम केले आणि १९१६ च्या मेक्सिकोच्या मोहिमेत ते लढले. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा त्यांना जनरलचा हुद्दा मिळण्याची वेळ आली होती. पण तसे झाले असते तर गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखाली काम करावे लागले असते, आणि तशी तक्रार वरपर्यंत गेलीही होती. डॉक्टरांनी रक्तदाब जास्त असल्याचे लिहिले आणि सरकारने त्यांना कर्नल करून घरी बसवले.

यंग यांनी काय केले? १९१८ साली ओहायोतील विल्बरफोर्स गावाहून ते घोड्यावर बसले आणि ४९७ मैल प्रवास करून वॉशिंग्टनला पोहोचले. आपण धडधाकट आहोत, हे त्यांना दाखवायचे होते. त्यांना परत बोलावले खरे, पण नोव्हेंबर १९१८ मध्ये, लढाई संपायला जेमतेम पाच दिवस उरले असताना. १९२२ साली नायजेरियात लागोस येथे ते वारले. नंतर त्यांच्या वंशजांनी आणि चाहत्यांनी प्रयत्न सोडला नाही. अखेर त्यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचा मानद हुद्दा मिळाला आणि २९ एप्रिल २०२२ रोजी वेस्ट पॉइंट येथे त्याचा समारंभ झाला. मृत्यूनंतर शंभर वर्षांनी!

असा मानद हुद्दा मिळाल्याने थकलेला पगार किंवा पेन्शन मिळत नाही. मग मिळते काय? सरकारी दप्तरात ‘अपात्र’ असा जो शब्द लिहिला गेला होता, त्याच्यावर त्याच सरकारच्या हाताने दुसरा शब्द लिहिला जातो. स्वतः यंग यांनी काम मागितले होते. हुद्दा मागितला तो पुढच्या पिढ्यांनी. आमच्या मते हाच क्रम स्वाभाविक आहे. जो सोसतो तो पुढचे मागतो. मागचे मागण्याची जबाबदारी वारसांवर येते.

आपल्या बेटाचा दरवाजाही बंदच होता. दुसऱ्या महायुद्धात मॉरिशसचे हजारो लोक पायोनियर तुकड्यांतून ईजिप्त, लिबिया आणि इटलीपर्यंत गेले. त्यांनी रस्ते बांधले, माल वाहिला, बॉम्बवर्षावाखाली काम केले. अधिकाऱ्यांच्या जागा मात्र बहुतेक गोऱ्यांच्या हाती राहिल्या. डिसेंबर १९४३ मध्ये मॉरिशस रेजिमेंटची पहिली पलटण मादागास्करातील दिएगो सुआरेझ येथे नेली गेली आणि तिथे सैनिकांनी हुकूम मानण्यास नकार दिला. त्यांच्या तक्रारींत रंगभेद हा मोठा मुद्दा होता. त्यांच्यावर लष्करी खटले झाले आणि पुढे पलटण मोडली. अशा ठिकाणी एखादा कामसू माणूस वर का चढला नाही, याचे उत्तर त्याच्या चाकरीच्या वहीत सापडणार नाही.

काहींचे म्हणणे असते की मेलेल्या माणसाला बिल्ला लावून काय उपयोग, जुने उकरू नये. ही भावना आम्ही समजतो. पण ज्यांची नावे जहाजाच्या यादीत चुकीची लिहिली गेली, ज्यांचे गाव विसरले जाऊन कागदावर फक्त ‘मुंबई’ हे बंदर उरले, त्यांच्या वंशजांनी तरी लिखाणातली चूक क्षुल्लक समजू नये. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात क्रमांक शोधून आपण पूर्वजांची नावे परत मिळवली. हुद्द्याचे कामही त्याच जातीचे आहे.

म्हणून विचारणाऱ्यांना आमचे सांगणे असे : आधी घरातले कागद सांभाळा. दाखल्यावरची तुकडी आणि तारखा उतरवून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना विचारा की आजोबा प्रत्यक्षात काय काम करीत होते आणि किती माणसे त्यांच्या हाताखाली होती. बढती झाली होती पण नोंद राहिली, असे दिसले तर खुशाल अर्ज करा. दरवाजाच बंद होता असे दिसले, तर तेही तसेच स्पष्ट लिहून ठेवा : काम हवालदाराचे, हुद्दा शिपायाचा, आणि कारण रंग. सरकारचा शिक्का आज मिळेल की शंभर वर्षांनी, हे आपल्या हाती नाही. वलंगकरांनी अर्ज लिहिला तेव्हा त्यांच्याही हाती नव्हते. पण त्यांनी तो लिहिला, म्हणूनच पुढे मागणाऱ्यांना सुरुवात कुठून करायची हे ठाऊक होते.