रानवेलींचे ऋण
१८६३ च्या सुमारास फ्रान्समधील द्राक्षवेली अकस्मात सुकू लागल्या. अमेरिकेतून आलेली फायलोक्झेरा नावाची सूक्ष्म कीड त्यांची मुळे पोखरीत होती. उतारा सापडला तोही अमेरिकेतच. तेथील रानवेली त्या किडीला दाद देत नव्हत्या. त्यांच्या खुंटांवर युरोपीय कलमे बांधण्यात आली. चुनखडीच्या जमिनींना मानवणाऱ्या वेली टेक्सासच्या मन्सन यांनी सुचविल्या. १८८८ मध्ये फ्रान्सने त्यांचा गौरव केला.

नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांवरही त्या रानाचे ऋण आहे. खारे पाणी व अवर्षण सोसणारा त्यांचा ‘डॉगरिज’ खुंट मूळचा टेक्सासच्याच रानवेलीचा. मात्र मैलोगणती एकच खुंट आणि एकाच कुळातील वाण लावले, तर एखाद्या नव्या रोगाला सारे शिवार मोकळे राहते. अशा वेळी मळ्याला आधार रानाचाच; ते राखले पाहिजे.