संगणकाचा कायदा आणि शब्दांचें मोल

नवें यंत्र आधीं बाजारांत येतें, तेथून लोकांच्या घरांत शिरतें, आणि कायदा त्याच्या मागून सावकाश येतो. हिंदुस्थानांत नियमित ध्वनिक्षेपण मुंबईस १९२७ सालीं सुरू झालें. परवान्यावांचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणें हा गुन्हा ठरविणारा कायदा मात्र १९३३ सालीं झाला. संगणकाचा इतिहासहि असाच आहे. मात्र येथें एक प्रश्न अधिक बिकट झाला. यंत्र जवळ असावें कीं नाहीं, हा तो प्रश्न नव्हे. त्या यंत्रावर मनुष्यानें काय लिहावें, हें कायद्यानें कोणत्या शब्दांत सांगावें, हा तो प्रश्न होय.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारकायदेविषयक आयोगानें १९९६ सालीं विद्युत् साधनांनीं होणाऱ्या व्यापारासाठीं एक नमुना कायदा तयार केला. त्यास अनुसरून भारतीय संसदेनें माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा कायदा संमत केला व तो १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलांत आला. कागदावरील लेखास व सहीस जें मोल होतें तें संगणकावरील लेखास व सहीस मिळावें, हा त्याचा मुख्य हेतु. दुसऱ्याच्या संगणकांत त्याच्या अनुमतीवांचून शिरणें, त्यांतील माहितीची नक्कल करून नेणें, किंवा त्यांत विषाणू सोडणें, अशा कृत्यांबद्दल भरपाईची तरतूदहि त्यांत होती.

पुढें २००८ सालीं या कायद्यांत दुरुस्ती झाली व ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनें वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगणारें कलम ६६-क याच दुरुस्तीनें आलें. त्याचा अर्थ शाळेंतील मुलासहि कळेल इतका स्वच्छ आहे. परंतु त्याच्याच जोडीला कलम ६६-अ आलें. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर संगणकावरून पाठविणें, अथवा कोणास ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ व्हावी म्हणून खोटा मजकूर वारंवार धाडणें, यांसहि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली गेली. आक्षेपार्ह म्हणजे काय, त्रास कोणता व किती, याची व्याख्या मात्र कोठेंच नव्हती.

या शब्दांचें मूळ दूरचें आहे. ब्रिटनमध्यें १९३५ सालीं टपाल खात्याच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, तींत टेलिफोनवरून अत्यंत आक्षेपार्ह, असभ्य किंवा धमकीचा निरोप देणें गुन्हा ठरलें. एका माणसानें दुसऱ्याच्या कानांत सांगावयाच्या निरोपासाठीं घडविलेली ही शब्दयोजना पुढें संगणकाच्या कायद्यांत आली, आणि जेथें एकाचें बोलणें क्षणांत सहस्रावधि लोक वाचतात अशा ठिकाणीं तिचा अंमल सुरू झाला.

त्याचा परिणाम महाराष्ट्रानें पाहिला. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. तेव्हां ठाणें जिल्ह्यांत असलेल्या पालघर येथील एका तरुणीनें त्या बंदविषयीं आपलें मत फेसबुकवर लिहिलें. तिच्या मैत्रिणीनें त्यास केवळ पसंती दर्शविली. दोघींसहि अटक झाली. पुढें त्यांच्यावरील खटला मागें घेण्यांत आला. परंतु एका बोटाच्या स्पर्शानें पोलीसठाणें पाहावें लागतें, ही गोष्ट घरोघरच्या आईबापांच्या मनांत बसली.

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांनीं २४ मार्च २०१५ रोजीं निकाल देऊन कलम ६६-अ घटनाबाह्य म्हणून रद्द केलें. निकालांत ब्रिटनमधील खटल्यांचा दाखला आहे. एकाच मजकुरास खालचें न्यायालय निर्दोष म्हणतें आणि वरचें सदोष; दुसऱ्या खटल्यांत याच्या उलट घडतें. जेथें न्यायशास्त्रांत मुरलेल्या माणसांचेंहि एकमत होत नाहीं, तेथें सामान्य माणसानें आपल्या शब्दांची सीमा कशी ओळखावी, असा त्याचा भावार्थ.

इतिहास येथें संपावयास हवा होता, पण संपला नाहीं. रद्द झालेल्या कलमाखालीं पुढेंहि लोकांवर गुन्हे नोंदले जात राहिले. कायद्याच्या पुस्तकांत कलम पूर्ववत् छापलेलें असे, आणि तें रद्द झाल्याची वार्ता तळटीपेंत. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयास पुन्हा सांगावें लागलें कीं या कलमाखालीं कोणावरहि खटला चालवितां येणार नाहीं, आणि पूर्वींच्या प्रकरणांतून त्याचा उल्लेख काढून टाकावा.

याचा अर्थ संगणकावर वाटेल तें करावें असा नव्हे. पासवर्डाची चोरी, सोंग घेऊन केलेली फसवणूक हे गुन्हे कायम आहेत, आणि बदनामीचा कायदाहि आपल्या जागीं आहे. मात्र ज्या गुन्ह्याची व्याख्या स्पष्ट आहे तो टाळणें प्रामाणिक माणसास कठीण नसतें. ज्याची व्याख्याच नाहीं तो टाळावयाचा तर मौन धरावें लागतें. आणि नागरिकांनीं भयानें धरलेलें मौन कोणत्याहि लोकराज्यास भूषणावह नाहीं.