दरडोई वीस रुपये: हिंदुस्थान-इंग्लंड तुलनेचा इतिहास

हिंदुस्थान आणि इंग्लंड या दोन देशांतल्या राहणीमानाची आकड्यांनी तुलना करण्याची प्रथा रुजवली ती दादाभाई नौरोजींनी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारे दादाभाई १८५५ मध्ये व्यापारानिमित्त लंडनला गेले. इंग्रजी अमलाखाली हिंदुस्थानची भरभराट होत आहे, असा तिकडे सर्वसाधारण समज होता. तो खरा की खोटा हे ठरवायचे तर माणशी उत्पन्न काढणे भाग होते.

‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ हा त्यांचा निबंध १८७६ मध्ये मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे वाचला गेला. १८६७ ते १८७० या काळातल्या सरकारी अहवालांवरच त्यांनी हिशेब उभा केला होता. प्रांतवार मुख्य पिकांखालची जमीन, एकरी उतारा आणि बाजारभाव यांवरून शेतमालाची किंमत काढायची, तीत मीठ, खनिजे, कारागिरी वगैरेंची भर घालायची आणि बेरजेला लोकसंख्येने भागायचे, अशी त्यांची रीत होती. उत्तर आले वर्षाला दरडोई २० रुपये. रुपया दोन शिलिंगांचा धरला की ते ४० शिलिंग, म्हणजे दोन पौंड होत.

उत्पन्न कमी म्हणजे किती कमी, हे दाखवायला त्यांनी तुरुंगांचे जमाखर्च चाळले. एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर वर्षाला पंजाबात २७ रुपये ३ आणे, मुंबई इलाख्यात ४७ रुपये ७ आणे आणि मद्रासेत ५३ रुपये २ आणे खर्च होत होता. परदेशी जाणाऱ्या मजुरांना जहाजावर काम न करता बसून राहण्यापुरता शिधा ठरलेला असे. त्यात दिवसाला २० औंस तांदूळ आणि ६ औंस डाळ धरली होती. सरकार कैद्याला जेवढे देते तेवढेही देशातल्या रयतेच्या वाट्याला येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

सरकारी बाजूने इंडिया ऑफिसमधल्या डॅन्व्हर्स यांनी १८८० मध्ये आक्षेप घेतला. रेल्वे, व्यापार, नोकऱ्या यांतून मिळणारे उत्पन्न हिशेबात का नाही, असा त्यांचा सवाल होता. या सगळ्यांचे पगार आणि नफे अखेर शेत आणि कारखान्यातल्या मालातूनच निघतात, असे दादाभाईंचे उत्तर होते. आजच्या राष्ट्रीय उत्पन्नात सेवाही मोजल्या जातात, म्हणजे या मुद्द्यावर पुढे डॅन्व्हर्स यांची बाजू टिकली.

पण मूळ आरोप खोडता आला नाही. १८८२ मध्ये सरकारचे अर्थसदस्य इव्हलिन बेअरिंग यांनी स्वतःच दरडोई उत्पन्न २७ रुपयांहून अधिक नसल्याचे सांगितले. त्याच भाषणात त्यांनी इंग्लंडचे ३३, फ्रान्सचे २३ आणि युरोपातला सर्वांत गरीब देश म्हणून तुर्कस्तानचे ४ पौंड हे आकडे दिले. १९०१ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपयांचा आकडा पुढे केला, तर सरकारचे टीकाकार विल्यम डिग्बी यांनी सुमारे १८ रुपये काढले. कर्झन यांच्या आकड्यावरून उत्पन्न दादाभाईंच्या वीस रुपयांच्या दीडपट झाल्यासारखे दिसे. मात्र रुपया तोवर १ शिलिंग ४ पेन्सांवर घसरला होता. त्या दराने ३० रुपयांचेही ४० शिलिंगच होत.

पुढच्या पिढीने हा हिशेब अधिक काटेकोर केला. वाडिया आणि जोशी यांनी १९१३-१४ साठी सुमारे ४४ रुपये, तर व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ साठी ६२ रुपये असा अंदाज दिला. दोन देशांतली तफावत मात्र पैशापेक्षा आयुष्यात ठळक दिसत होती. १९११ ते १९२१ या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या दशकात हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान जेमतेम २० वर्षे होते, तर १९१०च्या सुमारास इंग्लंडमध्ये ते पन्नाशीपलीकडे गेले होते.

विनिमय दरावर बेतलेल्या तुलनेत एक खोट होती. एका पौंडाच्या रुपयांत हिंदुस्थानात जेवढे धान्य आणि जेवढी मजुरी मिळे, तेवढी एका पौंडात इंग्लंडमध्ये मिळत नसे. त्यावर उपाय म्हणून १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी किमतींच्या तुलनेचा प्रकल्प हाती घेतला. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या दहा देशांत भारत आणि ब्रिटन दोघेही होते. १९७९ मध्ये मॉरिस डी. मॉरिस यांनी पैसा बाजूला ठेवून साक्षरता, बालमृत्यू आणि आयुर्मान यांचा निर्देशांक बनवला. १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांच्या आधारे मानव विकास निर्देशांक आला. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि क्रयशक्तीनुसार मोजलेले उत्पन्न या तिन्हींना सारखेच वजन आहे.