काशीवास आणि घरची शुश्रूषा

आज दूधविनायकला जाऊ. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा आणि दूधविनायक ही काशीतली जुनी मराठी वस्ती. पेशवाईत इथे शास्त्री-पंडित आले, तशी काशीवासासाठी म्हातारी माणसंही आली. मरण काशीत यावं म्हणून घरदार सोडलेल्यांचं दुखणं कोण काढायचं? सून, शेजारीण, नाहीतर कोणीच नाही.

त्या 'कोणीच नाही'वर १९०० साली काशीतल्या काही तरुणांनी उत्तर शोधलं. रस्त्यावर पडलेल्या आजारी वृद्धांची सेवा त्यांनी सुरू केली. १९०२ मध्ये ते काम रामकृष्ण मिशनकडे गेलं. इकडे पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झालं. परक्याची शुश्रूषा हलकी मानली जायची, त्या काळात रमाबाई रानड्यांनी बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं.

हे मी का सांगतोय? माझी आत्या दूधविनायकला राहायची. तिचं हृदय कमजोर झालं होतं. यात हृदय बंद पडत नाही. त्याचा जोर कमी होतो, अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते. दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्या लिहून दिल्या, पण मीठ किती आणि वजन का बघायचं, हे कोणी समजावलं नाही. लोणचं-पापड चालूच राहिले. दोन आठवड्यांत आत्याला खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून गल्लीबाहेर आणावं लागलं. तिथे अॅम्ब्युलन्स शिरतच नाही.

अमेरिकेत सेंट लुईसला सत्तरी ओलांडलेल्या २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नर्सनं आजार समजावला, पथ्य शिकवलं, घरी गेल्यावर भेटी आणि फोन चालू ठेवले. हृदयाच्या या दुखण्यासाठी पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

आत्याकडे नंतर एक नर्सताई येऊ लागल्या. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन, वहीत आकडा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर लगेच डॉक्टरांना फोन. आत्या पुढे दोन वर्षं घरीच राहिली, आणि गेलीही घरीच.

काशीवासाला आलेल्यांनी मरणाची तयारी केली होती. तोवरच्या दिवसांची काळजी मात्र दुसऱ्यांनीच घ्यायची असते. तुमच्या घरी असं कोणी असेल, तर आज वजनकाटा आणि एक वही आणा. भेटू पुढच्या भागात.