महालनोबिस-अंतराची कुळकथा

उपग्रहचित्राच्या शेकडो वर्णपट्ट्या चाळून भोवतालाशी न जुळणारा ठिपका हेरून देण्याची जी रीत रीड आणि यू यांनी १९९० साली मांडली, तिच्यातील मूळ सूत्राचा माग काढू गेल्यास तो कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन मंडळींच्या शरीरमापांच्या दप्तरापर्यंत पोहोचतो. १९२० साली नागपुरास सायन्स काँग्रेस भरली असता प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनन्डेल यांनी ही मापे छाननीसाठी प्रशांतचंद्र महालनोबिस यांस देऊ केली. महालनोबिस पेशाने पदार्थविज्ञानाचे अध्यापक; परंतु केंब्रिजहून परतताना ‘बायोमेट्रिका’चे खंड बोटीवर वाचून संख्याशास्त्राचा नाद त्यांस आधीच जडला होता.

दोन मानवसमूहांतील तफावत मोजण्यास त्या काळी कार्ल पीअर्सन यांचा वांशिक सादृश्याचा गुणक प्रमाण मानला जाई. पण समूह जिथल्या तिथे असूनही मोजलेल्या माणसांची संख्या वाढताच तो गुणक फुगे, ही त्यातील गोम महालनोबिस यांनी ओळखली, आणि पीअर्सनसारख्या अधिकारी पुरुषास ती पटली नाही तरी आपला मुद्दा सोडला नाही. १९३६ च्या निबंधात ते आणखी पुढे गेले. उंच माणसाचे हात बहुधा लांबच असावयाचे. तेव्हा हे दोन फरक स्वतंत्र समजून बेरजेस घेणे म्हणजे एकच रक्कम खतावणीत दोनदा जमा धरणे होय. सबब सर्व मापांच्या परस्परसंबंधांचा तक्ता मांडावा, तो व्यस्त करावा आणि त्याच्या भाराने फरक तोलावेत; हेच महालनोबिस-अंतर. (माणसांचे वंश मोजण्याचा तो खटाटोप आज फारसा कोणास रुचणार नाही, सूत्र मात्र टिकले.)

मापे दहाबारा होती तोवर हा कारभार सुरळीत चालला. हीच रीत रडारच्या संकेतांस लावताना मिती, म्हणजे एकेका नमुन्यातील मापे, वाढत गेल्या तेव्हा तक्ता व्यस्त करणे हीच मुख्य अडचण होऊन बसली: १०० मितींस १०० हून कमी नमुने असल्यास ते साधतच नाही, आणि दुप्पट, म्हणजे सुमारे २०० नमुने हाती असले तरी संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर सरासरीने निम्म्यावर येते, असे रीड, मॅलेट आणि ब्रेनन यांनी १९७४ साली दाखविले. २००४ साली लेडवा आणि वुल्फ यांनी तक्ता थोडासा संबंधरहित तक्त्याकडे झुकविण्याचा तोडगा काढला. त्याच वर्षी बिकेल आणि लेव्हिना यांनी सिद्ध केले की, मिती नमुन्यांहून फार अधिक झाल्या म्हणजे नमुना कोणत्या गटातला हे ठरविताना परस्परसंबंध सपशेल नजरेआड करणारा भाबडा नियमच पुष्कळदा सरस ठरतो. ज्या दुहेरी जमेवर महालनोबिस यांनी हरकत घेतली होती, ती आता जाणूनबुजून चालू दिली जाते.