झोपेची फलश्रुती

मराठी पोथीवाङ्मयाच्या वाचकाला फलश्रुती हा प्रकार परिचित आहे. स्तोत्र किंवा माहात्म्य संपत आले की ते वाचल्याने, ऐकल्याने किंवा नुसते घरात ठेवल्याने काय काय प्राप्त होईल याची यादी येते. निपुत्रिकाला पुत्र, रोग्याला आरोग्य, निर्धनाला धन. फलश्रुती युक्तिवाद करीत नाही. ती आश्वासन देते आणि त्याला एखाद्या भक्ताच्या अनुभवाची जोड देते. चांगल्या झोपेची हमी देणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती वाचताना या प्रकाराची वारंवार आठवण होते. तेथे मूळ पोथी मात्र नसते, केवळ फलश्रुती असते. आणि देवतेच्या जागी ‘चुंबकीय लहरी’, ‘जैवऊर्जा’, ‘ऋण आयन’ असे शब्द आलेले असतात.

या व्यापाराचा इतिहास बहुधा महानगरांच्या अंगाने सांगितला जातो. येथे तो लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ या तालुक्याच्या गावाच्या बाजूने पाहण्याचा विचार आहे. कारण अशा गावांत माणसाची झोप का उडते याची उत्तरे पुष्कळशी उघड आहेत आणि विक्रेता नेमकी तीच उत्तरे झाकतो. मात्र तेथे पोहोचण्यापूर्वी या वस्तूंची वंशावळ थोडी मागून पाहावी लागेल.

लोहचुंबकाने माणूस बरा होतो हा दावा आधुनिक काळात फ्रान्झ मेस्मर याने गाजवला. १७७४ च्या सुमारास व्हिएन्नात त्याने रुग्णांवर प्रत्यक्ष लोहचुंबक वापरले. पुढे ते बाजूला ठेवून शरीरातूनच एक अदृश्य ‘प्राणिज चुंबकत्व’ वाहते असे प्रतिपादन केले. १७७८ मध्ये तो पॅरिसला आला आणि त्याच्या उपचारांना तेथे मोठी गर्दी होऊ लागली. १७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. आयोगाने वाद घातला नाही; डोळ्यांवर पट्टी बांधली. फ्रँकलिनच्या बागेत एका झाडात चुंबकत्व ‘भरण्यात’ आले आणि एका मुलाला पट्टी बांधून झाडाझाडापाशी नेण्यात आले. ज्या झाडात काहीच भरलेले नव्हते, त्याच्यापाशीच तो मूर्च्छित झाला. परिणाम खरा होता. त्याचे कारण मात्र झाडात नव्हते, मुलाच्या अपेक्षेत होते. पुढील सर्व वैद्यकीय चाचण्यांचे बीज या प्रयोगात आहे. मुलगा खोटे बोलत नव्हता ही गोष्टही येथेच लक्षात ठेवावी, कारण पुढे ती लागणार आहे.

दुसरा टप्पा जाहिरातीचा. जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरातसंस्थेने १९३० च्या दशकात हॉर्लिक्ससाठी ‘नाइट स्टार्व्हेशन’, म्हणजे ‘रात्रीची उपासमार’, नावाचा एक विकारच निर्माण केला. झोपेतही हृदय आणि श्वास चालू असतात, त्यात शक्ती खर्च होते, म्हणून माणूस थकलेला उठतो. यावर उपाय म्हणजे निजण्यापूर्वी एक पेला हॉर्लिक्स. या संस्थेची मुंबईतील कचेरी १९२९ मध्ये सुरू झाली होती आणि हा विकार लवकरच येथील मध्यमवर्गालाही सांगितला जाऊ लागला. मेस्मरने निदान आजारी माणसे घेतली होती. येथे थकवा हाच आजार ठरला. कचेरीतील काम, कर्ज, दाटीची खोली अशी थकव्याची कारणे माणसाच्या आयुष्यात विखुरलेली असतात. जाहिरातीने ती सारी गोळा करून एका पेल्यात मावतील एवढी लहान केली. झोपेच्या व्यापारातील ही मूळ क्लृप्ती होय. ती उपाय विकण्यापूर्वी कारण बदलते.

तिसरा टप्पा कायद्याचा. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५४ मध्ये औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम संमत केला. शिरूर अनंतपाळचा परिसर तेव्हा हैदराबाद राज्यात होता. कायद्याने ‘जादूचा उपाय’ म्हणजे ताईत, मंत्र, कवच इत्यादी, असे सांगितले; आणि ‘औषध’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद केली की अन्नाखेरीज शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी योजलेली कोणतीही वस्तू तीत यावी. हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये या कायद्यातील काही भाग रद्द ठरवला. नंतर १९६३ च्या दुरुस्तीने रोगांची यादी अनुसूची म्हणून कायद्यालाच जोडण्यात आली. तिच्यात ५४ नोंदी आहेत. मधुमेह आहे, कर्करोग आहे, वेड आहे, मज्जासंस्थेचे विकार आहेत, ‘चेतादौर्बल्य’ आहे. निद्रानाश या नावाची नोंद नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना त्या कायद्यात वेगळे कलम आहे आणि व्याख्येच्या रुंदीत गादीही बसू शकेल. परंतु यादीत नाव नसलेल्या दुःखाचा व्यापारी अधिक निर्धास्त असतो. तो ‘रोग बरा करतो’ असे म्हणतच नाही. तो ‘सुखद निद्रा’, ‘ताजेतवाने मन’, ‘सर्वांगीण स्वास्थ्य’ असे बोलतो. आज ‘वेलनेस’ या नावाने जो बाजार चालतो, त्याची भाषा रोगाचे नाव न घेण्याच्या या कौशल्यावर उभी आहे. महाराष्ट्रात २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण आहे. प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून आलेला चमत्कार तेथेही सहज सापडत नाही. छद्मविज्ञान हा शब्द मराठीला आवश्यक झाला तो यासाठीच. अंधश्रद्धा विज्ञानाकडे पाठ फिरवते, तर छद्मविज्ञान विज्ञानाचीच वस्त्रे नेसते.

या सर्व टप्प्यांचा संगम चुंबकीय गादीत झालेला दिसतो. साखळी-विक्रीच्या मार्गाने या गाद्या महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांपर्यंत गेल्या. साध्या गादीच्या कितीतरी पट किंमत, मंगल कार्यालयातील सभा, पडद्यावर रक्तपेशींची चित्रे, ‘रक्तात लोह आहे, लोहाला चुंबक ओढतो, म्हणून रक्ताभिसरण सुधारते’ हा युक्तिवाद आणि शेवटी अनुभवकथने. युक्तिवाद ऐकायला सरळ आहे, परंतु रक्तातील लोह हे खिळ्यातील लोह नव्हे. हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेल्या लोहाला चुंबक खेचून घेत नाही. प्राणवायूने भरलेले रक्त चुंबकापासून अगदी किंचित दूरच सारले जाते, हे पाउलिंग आणि कॉर्येल यांनी १९३६ मध्ये दाखवले. एमआरआय यंत्राचे क्षेत्र १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. गादीतील चकत्यांनी रक्त हलत असते, तर त्या यंत्रातून एकही रुग्ण जिवंत बाहेर आला नसता.

अशा सभांत ‘जपानी तंत्रज्ञान’ या शब्दांना मोठे वजन असे. प्रत्यक्ष जपानमध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेली ‘जपान लाइफ’ ही कंपनी चुंबक बसवलेली अंथरुणे आणि कपडे विकत असे आणि त्या वस्तूंत पैसे गुंतवणाऱ्यांना वार्षिक परतावा देऊ करीत असे. २०१८ मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि २०२० मध्ये तिच्या संस्थापकाला अटक झाली. फसलेल्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. झोप हे निमित्त होते. विकली जात होती ती साखळी. भारतात अशा साखळ्यांविरुद्ध १९७८ चा कायदा होताच, आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजना स्पष्टपणे निषिद्ध केल्या. तालुक्याच्या गावात मात्र साखळीची कडी कोणी परका नसतो. तो शाळेतील गुरुजी असतो, मेहुणा असतो, शेजारच्या वाड्यातील काकू असतात. त्यांना नाही म्हणणे म्हणजे वस्तूला नव्हे, नात्याला नाही म्हणणे ठरते.

या साऱ्यात झोपच का निवडली जाते? याचे उत्तर झोपेच्या स्वरूपात आहे. ताप उतरला की नाही हे तापमापक सांगतो. झोप कशी लागली हे सांगणारा एकमेव साक्षीदार स्वतःच झोपलेला असतो. सकाळी तो जे सांगतो ते स्मरण नसून अनुमान असते. निद्रानाशाचे अनेक रुग्ण स्वतःची झोप प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी धरतात, हे प्रयोगशाळेतील मापनांनी दाखवले आहे. महागडी गादी घेतल्यावर, ती विकणाऱ्या गुरुजींनी ‘कसं वाटतंय?’ असे विचारल्यावर, अनुमान कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला नको. फ्रँकलिनच्या बागेतील मुलाप्रमाणे हा माणूसही खोटे बोलत नाही. म्हणून त्याला मूर्ख ठरवणारी चिकित्सा निष्फळ होते, आणि ती अन्यायाचीही असते. अनुभव खरा मानूनच त्याचे कारण तपासावे लागते.

आता त्या कारणांकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादची गावे झोपली होती. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे जड छत अंगावर येऊन हजारो माणसे झोपेतच गेली. वाचलेल्यांपैकी कित्येकजण त्यानंतर दीर्घकाळ छपराखाली निजू शकले नाहीत. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. परंतु पहाटेच्या पाऊलवाजाने दचकून उठणारे शरीर नव्या घरातही तेच राहते. पुढे शेतीपंपांची वीज आठवड्याआड रात्रीची मिळू लागली आणि माणसे काळोखात, विंचूकाट्यात दारे धरायला जाऊ लागली. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याला २०१७ मध्ये सौर कृषिवाहिनी योजना काढावी लागली. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याआधी शहरातील पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली होती. सोयाबीनचा भाव आणि सोसायटीचे कर्ज यांचा हिशेब तर बहुधा रात्रीच मांडला जातो.

चरकसंहितेत निद्रानाशाची जी कारणे मोजली आहेत, त्यांत काम, काळ, आजार, प्रकृती आणि वात ही पाच येतात. उपायांत अभ्यंग, दूध, सुखकर शय्या आहेत आणि मनाचे समाधानही आहे. त्या शास्त्राशी आपले कितीही मतभेद असले, तरी कारणांच्या यादीत पहिले नाव कामाचे आहे ही गोष्ट विचार करायला लावते. आजचे वैद्यकही वेगळ्या पुराव्यांनी त्याच दिशेला आले आहे. दीर्घकालीन निद्रानाशावर अमेरिकेतील चिकित्सकांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये पहिला उपाय म्हणून गोळी सुचवली नाही. सवयी आणि विचार यांवर काम करणारी मानसोपचारपद्धती सुचवली. तिची साखळी बांधता येत नाही. ती शिकवणारी माणसे तालुक्याच्या रुग्णालयात असावी लागतात. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनीसेवा सुरू आहे; ती मराठीतही बोलते. परंतु तिच्यासाठी मंगल कार्यालयात सभा भरत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाचे येथे एक निश्चित काम आहे. फलश्रुती वाचताना आपण कर्ता, श्रोता आणि दक्षिणा यांचा विचार करतो. तोच विचार जाहिरातीच्या संहितेला लावता येतो. ‘ऊर्जा’ या शब्दाचे एकक कोणते, ‘संशोधनाने सिद्ध’ यातील संशोधक कोण, अनुभव सांगणाऱ्याला पुढच्या कडीमागे काय मिळते, हे प्रश्न व्याकरणाइतकेच साधे आहेत. त्यांच्या पुढचा प्रश्न अवघड आहे. वाचकाच्या झोपेचे कोणते कारण ही संहिता गाळते आहे? भूकंपातून उरलेल्या माणसाला, रात्रपाळीच्या विजेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला चुंबकाची चकती विकणारा त्याचे पैसे घेतोच. शिवाय आपण का जागे आहोत हे सांगण्याचा त्याचा हक्कही घेतो. संशयवादाने पैसे वाचतात हे खरे, पण त्याचे मोठे कार्य हा हक्क माणसाला परत देणे हे आहे.