इशापूरची रायफल : अस्सलपणाची पारख

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठी असलेल्या इशापूर येथील सरकारी कारखान्यात बनलेल्या ली-एनफिल्ड रायफली जगभरातील जुन्या लष्करी शस्त्रांच्या संग्रहांत आढळतात. ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ मध्ये इशापूर येथे बंदुकीच्या दारूचा कारखाना स्थापन केला. त्याच जागी १९०४ मध्ये रायफल कारखाना उभा राहिला. आयुध निर्माणी मंडळ ऑक्टोबर २०२१ मध्ये बरखास्त झाल्यानंतर हा कारखाना कानपूर येथे मुख्यालय असलेल्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे सोपवण्यात आला.

अशा रायफलीचे मोल तिच्या चकाकीपेक्षा तिच्यावरील खुणांवर अधिक ठरते. दस्त्याजवळच्या लोखंडी पट्टीवर राजमुकुट, 'जीआरआय' ही बादशहा पंचम किंवा षष्ठ जॉर्ज यांची अक्षरे, इशापूरचे नाव आणि वर्ष कोरलेले असते. स्वातंत्र्यानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. रायफलीचा क्रमांक मुख्य सांगाडा, नळी आणि बोल्ट यांवर एकच असल्यास ती मूळ जोडणीची मानली जाते. बोल्टचा क्रमांक वेगळा असेल तर मोल उतरते, शिवाय अशी रायफल तज्ज्ञाने तपासल्याखेरीज झाडणे धोक्याचे असते.

मात्र प्रत्येक बदल हा दोष नव्हे. भारतीय शस्त्रागारांत दुरुस्तीच्या वेळी मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा स्क्रू बसवला जात असे. 'इशापूर स्क्रू' या नावाने तो संग्राहकांना परिचित आहे. बॉम्बगोळे फेकण्यासाठी वापरल्या गेलेल्या काही रायफलींच्या पुढील भागावर तारेचे वेटोळे दिसते. या दोन्ही गोष्टी लष्करी सेवेचा पुरावा होत. त्या काढून, लाकूड घासून, नवे पॉलिश चढवून रायफल 'सुधारणारा' मालक वस्तुतः तिचा इतिहासच पुसून टाकतो.

सर्वाधिक गोंधळ इशापूरच्या २ए आणि २ए१ या रायफलींबाबत होतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर बनलेल्या या रायफली ७.६२ मिलिमीटर काडतुसांसाठी होत्या. जुन्या .३०३ रायफलींची नळी बदलून त्या तयार केल्याचे विक्रेते अनेकदा सांगतात. ते खरे नाही. वाढीव दाब सोसण्यासाठी अधिक मजबूत पोलाद वापरून त्या नव्याने घडवल्या गेल्या. त्यांचे चौकोनी धाटणीचे मॅगझिन १२ गोळ्यांचे असते, जुन्याचे १० गोळ्यांचे. २ए१ वरील नेमपट्टी २,००० ऐवजी ८०० पर्यंतच असते. अमेरिकेत २ए१ कापून बनवलेल्या आखूड रायफली 'जंगल कार्बाइन' म्हणून विकल्या गेल्या. खरी जंगल कार्बाइन, म्हणजे क्रमांक ५ची रायफल, इशापूरला कधीच बनली नाही.

दुसरी फसवणूक सरहद्दीकडची. दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी इंग्रजी शिक्क्यांची हुबेहूब नक्कल केली, पण अक्षरे उलटी उमटवणे किंवा राणी व्हिक्टोरियाच्या मुद्रेखाली १९०१ नंतरचे वर्ष कोरणे अशा चुकांनी ती उघडी पडते.

भारतातील हौशी संग्राहकापुढे खरा प्रश्न कायद्याचा असतो. .३०३ आणि ७.६२ ही लष्करी मापे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, तर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगण्याची मुभा ठेवली. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ कालबाह्य, पुराणवस्तूमूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सवलत देते, पण ती दुरुस्ती करूनही झाडता न येणारी असावी लागतात. आजोबांची रायफल घरात सापडलेल्या कुटुंबाने त्यामुळे शिक्का वाचण्याआधी परवान्याची चौकशी करणे श्रेयस्कर.

ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की तिला १९७२ चा पुराणवस्तू कायदाही लागू होऊ शकतो. मग तिची खासगी निर्यात करता येत नाही. इशापूरच्या सुरुवातीच्या रायफलींनी ही वयोमर्यादा ओलांडली आहे.